सोलापूरहून पुण्याला गेलं तर घरातल्या तिघांचाही पगार सारखाच वाढेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातलं एकत्र कुटुंब. थोरला भाऊ आयटीआय टर्नर, चिंचोळी एमआयडीसीत सात वर्षं लेथवर. धाकटे, म्हणजे प्रश्न विचारणारे, बी.कॉम. होऊन एका व्यापाऱ्याकडे टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, एंट्र्या करतात. वहिनी टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवतात, मजुरी नगावर. पाहुणेरावळे म्हणतात, 'पुण्याला चला, पगार दुप्पट होतो.' तिघांचाही होईल का, आणि घर हलवावं इतका होईल का?

मी २३ वर्षं पुण्याजवळच्या भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या इंजिनिअरिंग कारखान्यांसाठी कामगारांची भरती करतोय. त्याआधी दोन वर्षं वाळूजला होतो. हेल्परपासून टूलरूमच्या प्रमुखापर्यंत हजारो माणसं समोर बसली, आणि त्यातली अर्धी तरी सोलापूर, लातूर, धाराशिव, बीडकडची. म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. तिघांचा सारखा वाढणार नाही. भावाचा सगळ्यात जास्त वाढेल, पण पहिल्या वर्षी नाही. वहिनींचा आकडा लगेच वाढलेला दिसेल आणि बराचसा तिथेच थांबेल. तुमचं मात्र तुम्ही इथे येऊन कोणत्या खुर्चीवर बसता त्यावर आहे.

मोठ्या शहरात मालक जास्त पगार का देतो, इथपासून सुरुवात करू. भोसरीतल्या गाळ्याचं भाडं चिंचोळीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी मालक गाळा सोलापूरला हलवत नाही. कारण त्याचा सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा माणूस, आज नोकरी सोडून गेला तर आठ दिवसांत दुसरा मिळतो. टूलिंग दुपारपर्यंत हातात येतं, हीट ट्रीटमेंटवाला दोन गल्ल्या सोडून असतो, मशीन बिघडलं तर सर्व्हिस इंजिनिअर संध्याकाळपर्यंत पोचतो. तोच कारागीर, तेच हात, पण दिवसाला जास्त माल बाहेर पडतो. त्या जास्तीच्या मालातला वाटा पगारात येतो. पण तो कुणाच्या पगारात किती येतो, हे कामाच्या जातीवर ठरतं.

सरकार हा फरक कसा मोजतं ते पाहा. केंद्र सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. ५० लाखांच्या वर लोकवस्ती असलेली एक्स शहरं, ५ ते ५० लाखांची वाय आणि बाकीची झेड. दर आता मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. पुणे एक्समध्ये, सोलापूर वायमध्ये. १८,००० मूळ वेतनाच्या शिपायाला पुण्यात ५,४०० मिळतात, सोलापुरात ३,६००. फरक १,८०० रुपयांचा. शिपाई असो की अधिकारी, टक्का तोच. सरकारच्या लेखी मोठं शहर म्हणजे महाग घर, बाकी काही नाही. बाजाराचं तसं नाही. तो एकाला घरभाड्याइतकंही देत नाही आणि दुसऱ्याला घरभाडं फेडून हातात मोठी रक्कम उरेल इतकं देतो.

आता भावाचं. टर्नरचं काम असं आहे की ते वर्षानुवर्षं शिकता येतं. साधं लेथ, मग सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मशीन) ऑपरेटर, मग सेटर, मग प्रोग्रामर, पुढे टूलरूम, म्हणजे डाय-फिक्स्चर बनवणारा विभाग. यातल्या प्रत्येक पायरीला बाजारात वेगळा रेट आहे. पायऱ्या सोलापुरातही आहेत, पण कमी, आणि वरच्या पायरीवर बसलेला माणूस निवृत्त झाल्याशिवाय जागा रिकामी होत नाही.

तुळजापूरकडचा एक मुलगा मला नीट आठवतो. सहा वर्षं साध्या लेथवर काढलेली. मुलाखतीत त्याला बेअरिंग हाउसिंगचा जॉब दिला, बोअर, म्हणजे आतलं भोक, ५२ मिलिमीटर, टॉलरन्स (चालेल इतका फरक) शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. त्याने शेवटचा कट घेण्याआधी मशीन थांबवलं, जॉब गार होऊ दिला, बोअर गेज दोनदा फिरवून बघितलं आणि मग कट घेतला. जॉब बरोबर मधोमध आला. तसला हात विकत मिळत नाही. पण सीएनसीसमोर उभा केल्यावर टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, कुठे टाकायचा हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने ते मशीन जवळून कधी पाहिलंच नव्हतं. ऑपरेटर म्हणून लागला, पगार गावच्यापेक्षा थोडाच वर. रात्रपाळीला सेटरच्या मागे उभा राहून शिकला. आधी ड्राय रन (माल न कापता मशीन चालवून बघणं), मग पहिला जॉब, मग मोजमाप, मग वेअर ऑफसेट (हत्यार झिजलं तेवढी दुरुस्ती). चौदा महिन्यांनी शेजारच्या गल्लीतल्या गाळ्यातून त्याला बोलावणं आलं. ही बातमी चहाच्या टपरीवरून त्याच्या मॅनेजरपर्यंत पोचली आणि राजीनामा लिहायच्या आत त्याचा पगार वाढला. पाच वर्षांत तो तीन गाळे फिरला आणि सेटर झाला. त्याच्या गावच्या कारखान्यात त्याच्याइतकाच चांगला हात असलेला त्याचा मित्र आजही साध्या लेथवर आहे. त्याच्या शेजारी ना सेटर होता, ना पलीकडच्या गल्लीत गाळा.

शहर मोठं असण्याचा खरा फायदा या दोन गोष्टींत आहे. शेजारी शिकवणारा माणूस असतो, आणि शिकलेलं विकायला दुसरं दार असतं. स्पेनमध्ये होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थतज्ज्ञांनी सामाजिक सुरक्षेच्या नोंदींवरून त्याच त्या माणसांचा वर्षानुवर्षं माग काढला. हे महत्त्वाचं, कारण नुसते माद्रिदचे पगार लहान गावांशी ताडून पाहिले तर फसगत होते. मोठ्या शहरात मुळातच धडपडी माणसं जास्त येतात, ती कुठेही जास्त कमावतील. एकाच माणसाचा आधीचा आणि नंतरचा पगार पाहिला तरच शहराने काय दिलं ते कळतं. त्यांना २०१७ च्या अभ्यासात दिसलं ते असं. शहरात पाऊल ठेवल्याबरोबर होणारी वाढ बेताची. मोठी वाढ नंतर, अनुभवातून. माद्रिद किंवा बार्सिलोनात काढलेलं पहिलं वर्ष लहान शहरातल्या वर्षापेक्षा कमाईत सुमारे ३ टक्के जास्त भर घालतं. ज्याची मुळातली कुवत जास्त, त्याला हा फायदा जास्त. आणि तो माणूस शहर सोडून गेला तरी शिकलेल्याचा भाग त्याच्याबरोबर जातो. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय. भोसरीत सेटर झालेली मुलं आई-वडिलांसाठी कोल्हापूरला, सांगलीला परत गेली, आणि तिथले मालक त्यांना कधीच बाहेर न गेलेल्यांपेक्षा जास्त देऊन घेतात.

पण पहिलं वर्ष तोट्याचं असतं, हे पाहुणे सांगत नाहीत. हिशेबापुरते आकडे घेऊ. भावाला सोलापुरात हातात १६,००० येतात असं धरा. पुण्यात ऑफर आली २५,००० सीटीसीची, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च. त्यात मालकाचा पीएफचा वाटा प्रशासकीय खर्चासह १५,००० वर १३ टक्के, म्हणजे १,९५०. बोनस आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून दोनेक हजार. उरले २१,००० च्या किंचित वर. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात १९,००० आले. शिवाय वेतन २१,००० च्या वर गेलं की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होत नाही. त्यामुळे कंपनीचा मेडिक्लेम नसेल तर दवाखाना स्वतःच्या खिशातून. आता कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत खाटेपुरती, जागा ३,५०० आणि खानावळ ३,५००. हातात उरले १२,०००. सोलापुरात घरी जेवून त्यापेक्षा जास्त उरत होते. ओव्हरटाइम मिळाला तर ही तूट भरून निघते. कायद्याने तो दुप्पट दराने द्यायला हवा, पण ठेकेदाराकडून लागलेल्या पोराला एकेरी दराने देणारेही पाहिलेत. म्हणून ऑफर हातात आली की तीन प्रश्न विचारा. हातात किती? ओटी कोणत्या दराने? मी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? हे विचारल्याने नोकरी जात नाही. मी भरतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस आहे, विचारणाऱ्याचा मला कधी राग आला नाही.

वहिनींचं उत्तर वेगळं आहे, आणि त्याबद्दल सावधपणे बोलायला हवं. ज्या कामात पहिल्या महिन्यात आणि दहाव्या वर्षी हात तितकाच चालतो, तिथे शहर शिकवून पगार वाढवत नाही. हेल्पर, पॅकिंग, लोडिंग, सिक्युरिटी, साधी शिलाई. तिथे पगार किमान वेतनाच्या आसपास घोटाळतो. महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळांनुसार, म्हणजे भागांच्या वर्गवारीनुसार, ठरतं, पण परिमंडळांमधला फरक काही शे ते हजार-बाराशे रुपयांच्या घरातला. शिवाय दुकाने आणि आस्थापनांच्या अनुसूचीत महानगरपालिकेची हद्द पहिल्या परिमंडळात धरतात. म्हणजे त्या कागदावर सोलापूर आणि पुणे एकाच रांगेत. प्रत्यक्षात चाकणला हेल्पर मिळेनासा झाला की ठेकेदार वर काही देतो, पण ते खोलीच्या भाड्यात जातं. बारा तासांची ड्यूटी करून गावी पाठवायला सोलापूरइतकेच पैसे उरतात, असं सांगणारे वॉचमन माझ्या ओळखीत बरेच आहेत.

याला एक अपवाद आहे, तोही सांगायला हवा. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला लिफ्टने अकराव्या मजल्यावर जातात आणि साडेअकरापर्यंत एकाच इमारतीतली पाच घरं उरकून खाली येतात. घरटी पैसे. सोलापुरात त्याच पाच घरांसाठी त्यांना दोन पेठा पायी तुडवाव्या लागल्या असत्या आणि तेवढी घरं मिळालीही नसती. पोळी तीच, लाटणं तेच. पण माणसं एकावर एक राहतात म्हणून चालण्याचा वेळ वाचला, आणि घरातली दोघंही कामाला जातात म्हणून गिऱ्हाईक भरपूर. इथे शहराच्या आकाराने आणि दाटीने कमाई वाढवली, शिक्षणाचा संबंध नाही. मात्र या कमाईचा जीव एका गोष्टीत आहे, वस्ती सोसायटीपासून चालत अंतरावर हवी. मावशींची एक मैत्रीण स्वस्त खोलीसाठी लांब राहायला गेली आणि दोन बस बदलण्यात तिची दोन घरं सुटली. तेव्हा वहिनींना पुण्यात काम बघायचं असेल तर आधी राहायची जागा कुठे मिळते ते बघा, काम मग.

आणि एक. त्यांच्या हातात टॉवेलचा काठ शिवायचं कसब आहे. त्याचं गिऱ्हाईक सोलापूर आहे, पुणे नाही. इथे मला शहराच्या आकारापेक्षा मोठी वाटणारी गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे त्या कामाचा बाजार. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजीची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, सोलापूरची साडेनऊ लाख, पुणे महापालिकेची एकतीस लाख. पण यंत्रमागावरच्या विणकराला विचाराल तर त्याच्यासाठी इचलकरंजी पुण्यापेक्षा कितीतरी मोठं शहर आहे. एका मालकाशी बिनसलं तर दुपारी दुसऱ्याच्या मागावर उभं राहता येतं. तसंच कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांमुळे, साचे करणाऱ्या मोल्डर आणि पॅटर्न मेकर यांना तिथे मान आणि रेट दोन्ही आहे. म्हणून 'मोठ्या शहरात जाऊ का' याऐवजी 'माझं काम विकत घेणारे तिथे किती जण आहेत' हे मोजा. भावाच्या बाबतीत ते भोसरी-चाकणला शेकड्यांनी आहेत. वहिनींच्या आजच्या कामाला पुण्यात जवळजवळ कुणी नाही.

मोठं शहरही या बाबतीत दगा देऊ शकतं. मुंबईच्या गिरणगावात कोकण-साताऱ्याकडून आलेल्या विणकरांना गावच्या मजुरीच्या कितीतरी पट पगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या बंद होत गेल्या. मुंबई तेवढीच मोठी होती, उलट वाढत होती. पण सांच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, काढलेल्या वीस वर्षांना त्या एवढ्या मोठ्या शहरात दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कुशल माणसं वॉचमनच्या पगारावर आली. सोलापूरनेही गिरण्यांचे भोंगे थांबलेले पाहिलेत, तुमच्या घरात कुणाला तरी ते आठवत असेल. या कारणासाठी मी पोरांना सांगतो, एकाच कंपनीच्या एकाच मशीनवर दहा वर्षं काढू नका. तुमचं कसब निदान दोन धंद्यांत चालायला हवं.

आता तुमचं. तुम्ही मधल्या थरात आहात, आणि हा थर सगळ्यात अवघड. एमआयटीतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेबद्दल जे मांडलं ते असं. चाळीसेक वर्षांपूर्वी कॉलेज न केलेल्या माणसालाही तिथल्या मोठ्या शहरात बराच जास्त पगार मिळायचा. नंतर तो वरकड फायदा त्यांच्यासाठी जवळपास विरून गेला, कॉलेज शिकलेल्यांचा मात्र वाढत गेला. कारण शहरातली मधली कामं, म्हणजे कारखान्यातली आणि ऑफिसातल्या कारकुनीची, यंत्रांनी आणि कॉम्प्युटरने खाल्ली, आणि ती करणारी माणसं खालच्या सेवांमध्ये गेली. अमेरिकेचं जसंच्या तसं इथे लागू होत नाही. आपल्याकडे गाव आणि शहर यांतल्या मजुरीची दरी अजून मोठी आहे, कारखाने अजून माणसं घेतायत. पण टॅलीवर एंट्री करणाऱ्याच्या बाबतीत मला तीच चाहूल लागते. बिलं स्कॅन होऊन आपोआप खात्यात जायला लागलीत. आणि पुण्यात या कामाला साऱ्या महाराष्ट्रातून बी.कॉम. येतात. एका जागेची जाहिरात दिली की फोन थांबत नाही, मग मालक पगार का वाढवेल? नुसत्या एंट्रीच्या जोरावर आलात तर सोलापूरपेक्षा तीन-चार हजार जास्त मिळतील आणि भाडं त्याहून जास्त जाईल.

पण त्याच ऑफिसात दोन खुर्च्या सोडून बसलेल्या माणसाचा पगार वेगळा असतो. खरेदी रजिस्टर जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी तक्त्याशी जुळवणारा, दोनशे कामगारांचा पगार, पीएफ आणि टीडीएस न चुकता काढणारा, कॉस्टिंग, म्हणजे माल बनवायला किती खर्च येतो ते, कळणारा. तो सुट्टीवर गेला की ऑफिस अडतं. या माणसाला मोठ्या शहरात दरवर्षी मागणी वाढते, कारण तिथे अशा कंपन्या शेकडो आहेत. आणि यातलं बरंचसं तुम्ही पुण्याला न जाता शिकू शकता. जीएसटीचा कायदा आणि पोर्टल सगळीकडे एकच. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात, म्हणजे निर्यातीची कागदपत्रं, शिपिंग बिल, लेटर ऑफ क्रेडिट हे सगळं तुमच्या गावात रोज होतंय. एखाद्या निर्यातदाराकडे दीड-दोन वर्षं काढा, पगार थोडा कमी पडला तरी चालेल. मग पुण्यात याल तेव्हा रांगेतल्या शंभर बी.कॉम.पैकी एक म्हणून येणार नाही.

माझा सल्ला असा आहे की आत्ता घर हलवू नका. भावाने एकट्याने यावं, भोसरी किंवा चाकणला, एका वर्षाच्या तयारीने. सोलापुरातलं घर स्वतःचं आहे, तर ते त्याच्या पहिल्या वर्षाचा आधार आहे. पुण्यात सगळ्यांसाठी खोली घेतलीत की डिपॉझिट, भाडं आणि मुलांची शाळा यांत तो आधार संपतो, आणि मग भावाला मिळेल ती नोकरी धरून ठेवावी लागते. गाळा बदलून पुढे जाण्याची मोकळीक जाते, आणि पुण्याला येण्याचा सगळा फायदा त्या मोकळिकीतच आहे. संसार पाठीवर घेऊन आलेली चांगली चांगली मुलं पहिल्याच ठेकेदाराकडे अडकून पडलेली मी पाहिलीत, फार वाईट वाटतं.

भावाची पहिली नोकरी निवडताना पगार दुसऱ्या नंबरवर ठेवा. ऑफर दोन असतील, एक हजार-दीड हजाराने जास्त पण एकाच पार्टचं उत्पादन, लोडिंग-अनलोडिंग आणि बटण दाबणं. दुसरी कमी पगाराची पण जॉबवर्कचा गाळा, जिथे दर आठवड्याला नवं ड्रॉइंग येतं आणि सेटिंग रोज बदलतं. दुसरी घ्या. शॉप फ्लोअर बघायला मागा आणि तिथल्या ऑपरेटरला विचारा, सेटिंग कोण करतं, नवीन माणसाला हात लावू देतात का. वर्षभरात त्याच्या हातात सेटिंग आलं नाही तर गाळा बदलायचा. वर्षाच्या शेवटी त्याचा रेट कुठे पोचला ते बघून वहिनी आणि मुलांचं ठरवा. तोवर सणावाराला हुतात्मा एक्स्प्रेस आहेच.

मुलाखतीला येताना त्यांना स्वतःचा व्हर्निअर आणि मायक्रोमीटर बरोबर आणायला सांगा, डबीत, तेल पुसून. सर्टिफिकेटची फाइल मालक नंतर उघडतो.